वाचकांचे प्रश्न : ट्रस्टची नोंदणी आणि नंतरचे व्याप

ट्रस्टबद्दल आलेल्या पत्रांत दोन समजुती पुन्हा पुन्हा दिसल्या. एक, नोंदणी क्रमांक हातात आला की करमाफी आपोआप लागू होते. दुसरी, ट्रस्टच्या नावे केलेली जमीन अडीअडचणीला परत घेता येते. दोन्ही चुकीच्या आहेत आणि दोन्ही महागात पडतात. निवडक पत्रांची उत्तरे खाली दिली आहेत. ती महाराष्ट्रातल्या कायद्याप्रमाणे आहेत, इतर राज्यांत नोंदणीची रीत वेगळी असू शकते.

आम्ही सहा निवृत्त शिक्षक मिळून स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका सुरू करतोय. कुणी म्हणतं ट्रस्ट करा, कुणी म्हणतं संस्था नोंदवा. फरक काय?
— एक वाचक, सांगली जिल्हा

सहा जण आहात, म्हणजे संस्थेचा रस्ता आज तरी बंद आहे. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासद लागतात. सातवा मिळाला तर दोन्ही पर्याय खुले होतील.

सार्वजनिक ट्रस्टची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली होते. अजूनही पुष्कळ कागदांवर त्याचे जुने नाव, मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, दिसते. कायदा तोच. महाराष्ट्रात धर्मादाय हेतूची संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदवली, तरी तिला १९५० च्या कायद्याखालीही नोंद करावी लागते. म्हणून संस्थेकडे दोन प्रमाणपत्रे असतात आणि तिचा ट्रस्ट क्रमांक ‘एफ’ अक्षराने सुरू होतो. दोन्ही कामे साधारण एकाच, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या, कार्यालयात होतात.

खरा फरक कारभारात आहे. ट्रस्टमध्ये सत्ता विश्वस्तांकडे असते. ते कसे नेमायचे हे न्यासपत्रात, म्हणजे ट्रस्ट डीडमध्ये, लिहाल तसे. संस्थेत सभासद, वार्षिक सर्वसाधारण सभा, निवडणूक आणि कार्यकारी मंडळ अशी रचना असते. गावातले पन्नास जण वर्गणी भरून सहभागी व्हावेत, हिशोब विचारावा, उद्या नवी माणसे यावीत असे वाटत असेल तर संस्था बरी. पण सभासद यादी अद्ययावत ठेवली नाही तर पाचव्या वर्षी दोन गट दोन याद्या घेऊन धर्मादाय कार्यालयात उभे राहतात, आणि निकाल लागेपर्यंत अभ्यासिकेचे वीजबिल कोण भरणार हाच प्रश्न होतो. सहा जणांनी स्वतःचा वेळ आणि पैसा घालून चालवायची लहान अभ्यासिका असेल, तर आमचे मत ट्रस्टच्या बाजूने आहे.

तिसरा पर्याय कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ ची कंपनी. शिस्त चांगली, पण दरवर्षीचे कंपनी खात्याचे फॉर्म आणि त्यांचा खर्च एका अभ्यासिकेला झेपणारा नाही.

न्यासपत्राचा मसुदा एका ओळखीच्यांकडून आणलाय. तो स्टॅम्प पेपरवर टाइप करून सह्या केल्या की नोंदणी होईल ना? पुढची पायरी कोणती?
— एक वाचक, नाशिक

आधी तो मसुदा नीट वाचा. दुसऱ्याचे न्यासपत्र उतरवून घेताना त्यांची चूकही आपल्याकडे येते, आणि सार्वजनिक ट्रस्टचे न्यासपत्र एकदा झाले की मनात आले म्हणून बदलता येत नाही. ट्रस्ट स्थापन करणारी व्यक्तीसुद्धा ते नंतर एकटी बदलू शकत नाही.

नावापासून सुरुवात करा. सरकारी खाते किंवा सरकारी आश्रय असल्यासारखे वाटणारे नाव मिळत नाही. त्यासाठी १९५० चा बोधचिन्हे व नावे यांचा स्वतंत्र कायदा आहे. नावाचे इंग्रजी स्पेलिंगही आजच ठरवून न्यासपत्रात लिहा. हे क्षुल्लक वाटते, पण नावात ‘ज्ञान’ असेल आणि पॅनवर ते ‘डी-एन’ने, बँकेत ‘जी-वाय’ने सुरू झाले, तर पुढे आयकराच्या पोर्टलवर अर्ज अडतो. मग एक अक्षर दुरुस्त करायला महिना जातो.

उद्देशांचे कलम सगळ्यांत महत्त्वाचे. १९५० च्या कायद्याने धर्मादाय हेतू सांगितले आहेत ते असे : गरिबी किंवा संकटनिवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत, लोकहितासाठी करमणुकीच्या व विरंगुळ्याच्या सोयी आणि सर्वसाधारण लोकोपयोगाचे इतर कोणतेही काम. ‘समाजाचा सर्वांगीण विकास करणे’ असे लिहिले तर अधिकारी विचारणारच, म्हणजे नेमके काय? ‘स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय व अभ्यासिका चालवणे, गरजूंना पुस्तके व शुल्कासाठी मदत करणे’ असे लिहा. उलट टोकही टाळा. मसुद्यात गोशाळेपासून अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत चाळीस उद्देश असतात. पुढे आयकर खाते प्रत्येक खर्च कोणत्या उद्देशाखाली झाला हे विचारते, तेव्हा ती यादी ओझे होते. लाभार्थी एकाच जातीचे किंवा धर्माचे ठेवले तर आयकर सवलत धोक्यात येते. म्हणून ‘जात, धर्म, पंथ, लिंग असा भेद न करता’ हे शब्द हवेतच.

मिळकतीशिवाय ट्रस्ट होत नाही. सुरुवातीचा निधी लहान असला तरी चालतो, पण न्यासपत्रात रक्कम आणि ती कुणी दिली हे आकड्यात व अक्षरात लिहा.

विश्वस्तांबाबत संख्या, मुदत, रिकामी जागा कुणी आणि किती दिवसांत भरायची, सभेची गणसंख्या आणि बँक खाते कुणाच्या दोन सह्यांनी चालणार हे सगळे लिहा. तीन, पाच, सात अशी विषम संख्या सोयीची. ‘सर्व विश्वस्त आजीव राहतील’ हे जुन्या मसुद्यांतले आवडते वाक्य आता चालत नाही. सप्टेंबर २०२५ पासूनच्या दुरुस्तीने आजीव विश्वस्त एकूण संख्येच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. सात विश्वस्त असतील तर त्यांतला एकच. आणि सातही जण एकाच घरचे असतील, तर हा ट्रस्ट सार्वजनिक कसा, हा प्रश्न सुनावणीत येतोच.

शेवटी तीन वाक्ये हमखास हवीत : ट्रस्ट अपरिवर्तनीय आहे, मिळकत व उत्पन्न फक्त उद्देशांसाठीच वापरले जाईल, ट्रस्ट बंद झाल्यास शिल्लक मालमत्ता तशाच उद्देशाच्या दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टकडे जाईल, संस्थापक किंवा विश्वस्तांकडे नाही. ही नसली तर नोंदणी कदाचित होईल, पण आयकराच्या टप्प्यावर अडाल.

आता सह्या. प्रत्येक पानावर संस्थापक व विश्वस्तांची सही, शेवटी दोन साक्षीदार, सही ओळखपत्रावर आहे तशीच. ट्रस्टमध्ये जमीन किंवा इमारत टाकत असाल तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, नुसता स्टॅम्प पेपर पुरत नाही.

न्यासपत्र झाल्यावर तीन महिन्यांच्या आत, ज्या जिल्ह्यात ट्रस्टचे कार्यालय आहे तिथल्या सहायक किंवा उपधर्मादाय आयुक्तांकडे शेड्यूल २ मधला अर्ज करायचा. अर्ज धर्मादाय संघटनेच्या संकेतस्थळावर भरायचा आणि त्याचा संच कार्यालयात द्यायचा. संचात मूळ न्यासपत्र व प्रत, विश्वस्तांची संमतीपत्रे, ओळखीचे व पत्त्याचे पुरावे, प्रतिज्ञापत्र, मिळकतीचा तपशील आणि कार्यालयाच्या जागेचा कागद. जागा कुणाच्या घरातली असेल तर घरमालकाचे ना-हरकत पत्र आणि चालू वीजबिल. निम्म्या अर्जांत त्रुटी निघते ती इथेच : वीजबिल आजोबांच्या नावे, ना-हरकत नातवाची.

मग कलम १९ खाली चौकशी होते. निरीक्षकाचा अहवाल, हरकती मागवणारी नोटीस आणि गरज पडल्यास सुनावणी. संस्थापकाने आणि एका तरी विश्वस्ताने उद्देश तोंडी सांगता येतील इतकी तयारी ठेवावी. सगळे समाधानकारक असले की आदेश होतो, ट्रस्टची नोंद रजिस्टरला होते, प्रमाणपत्र आणि शेड्यूल १ चा उतारा मिळतो. हा उतारा म्हणजे ट्रस्टचा सातबारा. विश्वस्त कोण, मिळकत काय, हे त्यावर असेल तेच खरे धरतात. पॅन आणि बँक खाते त्यानंतर.

नोंदणी करून आम्हाला प्रत्यक्ष काय मिळते? आमचे काम नोंदणीशिवायही चाललेच आहे.
— एक वाचक, लातूर

काम चालते, हे खरे. पण ट्रस्टच्या नावे बँक खाते निघत नाही, मग देणग्या कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात येतात आणि त्या माणसाच्या निधनानंतर त्याचे वारस त्यावर हक्क सांगू शकतात. नोंदणी न केलेल्या सार्वजनिक ट्रस्टच्या वतीने दावा लावला तर कायद्याच्या कलम ३१ मुळे तो ऐकला जात नाही. भाडेकरू जागा सोडत नाही, शेजारी भिंत सरकवतो, आणि तुम्हाला कोर्टात उभे राहता येत नाही. विश्वस्त बदलले तरी मिळकत ट्रस्टचीच राहते, हा दुसरा फायदा. सरकारी अनुदान, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा) निधी, करसवलत या सगळ्यांचा पहिला कागद हाच.

बदल्यात दरवर्षी हिशोबतपासणी, प्रत्येक बदलाची खबर आणि मिळकतीच्या व्यवहारावर सरकारी नजर येते. हे करायला माणूस नसेल तर एखाद्या चांगल्या चालणाऱ्या ट्रस्टलाच हातभार लावा. नोंदवून ओस पडलेले ट्रस्ट या राज्यात पुष्कळ आहेत.

धर्मादायची नोंदणी झाली. आता देणगीदार ८०जी ची पावती मागतात. नोंदणी क्रमांक पावतीवर छापला तर चालेल का?
— एक वाचक, ठाणे

अजिबात नाही. धर्मादाय नोंदणी राज्याची, करसवलत आयकर खात्याची. दोन वेगळी दारे.

ट्रस्टच्या स्वतःच्या उत्पन्नावर कर लागू नये म्हणून एक नोंदणी (लोक तिला अजून ‘बारा-ए’ म्हणतात, १९६१ च्या कायद्यात ती शेवटी १२एबी होती) आणि देणगीदाराला वजावट मिळावी म्हणून ८०जी ची मान्यता. दोन्ही अर्ज ट्रस्टच्या पॅनने लॉगिन करून ऑनलाइन करायचे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या माहितीपत्रकातला फॉर्म क्रमांक शोधत बसू नका, पोर्टलवर दिसेल तो घ्या.

नव्या ट्रस्टला आधी तात्पुरती नोंदणी मिळते, तीन वर्षांची. लोक इथे निर्धास्त होतात आणि इथेच फसतात. तात्पुरती मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी, किंवा प्रत्यक्ष काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यांतले जे आधी येईल तोवर नियमित नोंदणीचा अर्ज करायचा असतो. तुमची अभ्यासिका किंवा दवाखाना आधीच चालू असेल तर तीन वर्षांची वाट पाहायची नाही. नियमित नोंदणी पाच वर्षांची. आधीच्या दोन वर्षांत प्रत्येकी उत्पन्न ५ कोटी रुपयांच्या आत असेल अशा ट्रस्टला १२एबी ची नोंदणी दहा वर्षांची मिळू शकते. मुदत चुकली तर ट्रस्टच्या निव्वळ मालमत्तेवरच जास्तीत जास्त दराने कर बसवण्याची तरतूद आहे. विलंब माफ करण्याचा अधिकार आयकर खात्याच्या प्रधान आयुक्तांना आहे, पण त्यावर भिस्त ठेवू नका. तारीख कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवा.

या अर्जात आयकर खाते काय पाहते? न्यासपत्र, धर्मादाय प्रमाणपत्र, हिशोब आणि कामाचा पुरावा. पुरावा म्हणजे हार-तुऱ्यांचे फोटो नव्हे. विद्यार्थ्यांचे हजेरीपत्रक, पुस्तकखरेदीची बिले, शिबिरातल्या रुग्णांची नोंदवही असे काहीतरी हवे.

देणगीदाराला खरे काय ते सांगा. साधारणपणे देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. २,००० रुपयांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही. वस्तूरूप देणगीला वजावट नाही. आणि देणगीदाराने नवी करप्रणाली निवडली असेल तर ८०जी चा त्याला काहीच उपयोग नाही. आता वजावट पावतीच्या कागदावर नाही, तर तुम्ही भरलेल्या विवरणपत्रावर मिळते : वर्षभरातल्या देणगीदारांची नावे, पॅन आणि रकमा ३१ मेपर्यंत आयकर खात्याला कळवायच्या आणि तिथून निघणारे प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचे. पॅन नंतर फोनवर मागत बसण्यापेक्षा पावतीपुस्तकात पॅनचा रकाना छापून घ्या.

ट्रस्टच्या बाजूने मोठा नियम ८५ टक्क्यांचा. वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्देशांवर खर्च व्हायला हवेत, १५ टक्के शिल्लक ठेवता येतात. इमारतीसाठी जास्त साठवायचे असेल तर हेतू लिहून तसा फॉर्म मुदतीत भरायचा. पाच वर्षांत ती रक्कम त्याच कामाला लागली पाहिजे. खर्च म्हणजे प्रत्यक्ष दिलेले पैसे, देणे बाकी असलेले बिल नाही. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख दिले तर तो खर्च धरत नाहीत. ‘कायम निधीसाठी’ म्हणून दिलेल्या देणगीबरोबर देणगीदाराचे तसे लेखी पत्र घ्या, नाहीतर ती साधे उत्पन्न होते. निनावी देणग्यांवरही लक्ष असू द्या : एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतल्या मोठ्या रकमेच्या वर गेलेल्या निनावी देणगीवर ३० टक्के कर आहे. निव्वळ धार्मिक ट्रस्टच्या दानपेटीला तो लागत नाही.

सीएसआर मागायचा असेल तर या दोन्ही मान्यतांनंतर कंपनी खात्याकडे सीएसआर-१ हा फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो, आणि बाहेरच्या ट्रस्टकडे तीन वर्षांच्या कामाची पार्श्वभूमी असावी लागते. परदेशातून देणगी घ्यायला तर केंद्रीय गृह मंत्रालयाची वेगळी परवानगी. त्यासाठी साधारण तीन वर्षांचे काम व त्या काळात उद्देशांवर १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. परवानगी मिळण्याआधी परदेशातल्या मित्राने प्रेमाने पाठवलेले डॉलरसुद्धा स्वीकारू नका. मित्राकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल, तर गोष्ट वेगळी.

गणेशोत्सवापुरती वर्गणी गोळा करतो. त्यासाठी ट्रस्ट काढावा लागेल का?
— एका मंडळाचे कार्यकर्ते, पुणे

नाही. पण नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करण्याआधी कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यायची असते. अर्ज ऑनलाइन होतो. क्रमांक टाकलेले पावतीपुस्तक ठेवा आणि उत्सवानंतर हिशोब द्या. मागचा हिशोब दिला नसेल तर पुढच्या वर्षीची परवानगी अडते. वर्षभर रुग्णवाहिका वगैरे चालवत असाल तर मात्र रीतसर नोंदणी करा.

आमचा ट्रस्ट १९८८ चा. २०१७ मध्ये अध्यक्ष वारले, २०२० मध्ये तीन नवे विश्वस्त घेतले, गेल्या वर्षी खजिनदारांनी राजीनामा दिला. धर्मादायला काहीच कळवले नाही. आता बँक खाते चालवू देत नाही.
— एक विश्वस्त, अहिल्यानगर जिल्हा

हे पत्र एकाचे आहे, दुखणे शेकडो ट्रस्टचे. बँकेचे बरोबर आहे. शेड्यूल १ वर अजून वारलेले अध्यक्ष आहेत आणि तुमचे तिघे नवे विश्वस्त कागदोपत्री कुणीच नाहीत.

कलम २२ प्रमाणे रजिस्टरमधल्या कोणत्याही नोंदीत बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यायचा असतो. मृत्यू, राजीनामा, नवी नेमणूक, पत्ता, मिळकतीची खरेदी-विक्री, सगळ्यांसाठी. उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडायचा आणि उशिराचे खरे कारण लिहायचे. ‘कायद्याची माहिती नव्हती’ हे एकच कारण पुरत नाही. आजारपण, दप्तर कुणाकडे अडकले होते, टाळेबंदी, जे घडले ते तारखांसह द्या.

तुमचे तिन्ही बदल एका अर्जात कोंबू नका. तारखेच्या क्रमाने वेगवेगळे अर्ज करा, कारण ही साखळी आहे. २०२० च्या सभेला बसलेले विश्वस्त कायदेशीर होते का, हे २०१७ चा बदल मंजूर झाल्याशिवाय ठरत नाही. गेल्या वर्षीचा राजीनामा स्वीकारणारे मंडळ २०२० च्या अर्जावर अवलंबून. मधली एक कडी नामंजूर झाली की पुढच्या सगळ्या लोंबकळतात. अर्ज कुणी करायचा? शेड्यूल १ वर आजही नाव असलेल्या, हयात विश्वस्ताने केला तर वाद कमी. तसा एकही उरला नसेल तर हितसंबंधी व्यक्तींनी कलम ४७ खाली विश्वस्त नेमण्याचा अर्ज करावा लागतो, आणि तो लांबचा रस्ता आहे.

प्रत्येक अर्जासोबत काय? मृत्यूचा दाखला किंवा राजीनाम्याचे पत्र, सभेची नोटीस, ती सर्वांना पोचल्याचा पुरावा, हजेरी, ठराव, नव्या विश्वस्ताचे संमतीपत्र व ओळखपत्र. बहुतेक अर्ज अडतात ते नोटिशीच्या पोचेवर. ठराव सुंदर असतो, पण एका नाराज विश्वस्ताला सभेची नोटीसच दिलेली नसते, आणि तोच हरकत घेऊन येतो. म्हणून पोच देणार नाही अशी शंका असलेल्याला नोटीस पोस्टाने पाठवा आणि पावती फाइलला लावा.

इतिवृत्त बांधीव वहीत, पान क्रमांकांसह हवे. आता घाईने आठ वर्षांचे इतिवृत्त एका बैठकीत लिहून काढण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एकच शाई, एकच हात, मधे एक खाडाखोड नाही : तपासणाऱ्याला ते पहिल्या पानावर समजते, आणि विलंबाची साधी चूक खोट्या दस्ताचे प्रकरण होते. सभा झालीच नसेल तर तसे कबूल करा आणि आज रीतसर सभा घेऊन ठराव करा.

याच वेळी हिशोबही तपासा. वर्ष ३१ मार्चला बंद करून सनदी लेखापालाचा अहवाल सहा महिन्यांत धर्मादाय कार्यालयात जायला हवा. सात-आठ वर्षांचे अहवाल थकले असतील तर बदल अर्जाच्या सुनावणीत तो विषय निघतोच.

वडिलांनी १९९५ मध्ये दोन एकर जमीन शाळेच्या ट्रस्टला दिली. त्यातली अर्धी विकून उरलेल्या जागेत इमारत बांधायची आहे. विश्वस्त आम्ही घरचेच, सगळ्यांची संमती आहे.
— एक वाचक, सातारा

घरच्यांची संमती इथे गैरलागू आहे. ज्या दिवशी जमीन ट्रस्टची झाली त्या दिवशी ती घराची राहिली नाही. कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मिळकत विकणे, गहाण टाकणे, अदलाबदल करणे किंवा बक्षीस देणे याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भाडेपट्ट्यालाही : शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त, बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची असेल तर. परवानगीशिवाय केलेली विक्री वैध धरली जात नाही. ट्रस्टसाठी कर्ज काढायचे तरी परवानगी लागते, हे अनेकांना बँकेच्या दारात कळते.

पण त्याआधी एक गोष्ट बघा : ती जमीन ट्रस्टची खरोखर झाली आहे का? नोंदणीकृत बक्षीसपत्र आहे? सातबाऱ्यावर ट्रस्टचे नाव आहे? शेड्यूल १ वर ती नोंद आहे? शेतजमीन असेल तर आणखी एक पेच. ट्रस्ट शेतकरी नसतो, त्यामुळे कूळकायद्याच्या कलम ६३ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतली होती का, हे पाहावे लागेल. हे कागद अपुरे असतील तर आधी ते निस्तरा, विक्रीचा अर्ज नंतर.

परवानगीच्या अर्जाला विश्वस्तांचा ठराव, सरकारमान्य मूल्यांकनकाराचा अहवाल, विक्रीची निकड, आणि पैशाचे पुढे काय करणार याचा आराखडा व इमारतीचे अंदाजपत्रक लागते. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन बंद पाकिटात देकार मागवा. एकच देकार, तोही चुलतभावाचा, असे दिसले तर परवानगी मिळणार नाही, आणि मिळूही नये. परवानगीच्या आदेशात अटी असतात : किती दिवसांत खरेदीखत करायचे, रक्कम कुठे ठेवायची. मुदत उलटली तर वाढ मागावी लागते. व्यवहार झाल्यावर मिळकत कमी झाल्याचा बदल अर्ज, पुन्हा ९० दिवसांत.

विश्वस्ताच्या मुलाला ट्रस्टच्या दवाखान्यात पगारावर ठेवता येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

तो खरोखर काम करत असेल, पात्र असेल आणि पगार बाजारभावाचा असेल तर चालते. ठराव करताना त्या विश्वस्ताने सभेबाहेर बसावे आणि तसे इतिवृत्तात लिहावे. पगार जास्तीचा असेल तर संस्थापक, विश्वस्त व त्यांच्या नातेवाइकांना दिलेल्या लाभाचा नियम लागतो : त्या रकमेवर ३० टक्के कर, शिवाय पहिल्यांदा तेवढाच आणि पुन्हा घडले तर दुप्पट दंड. विश्वस्ताने ट्रस्टकडून उसने पैसे घेणे मात्र कोणत्याही कारणाने नको.

माझी मुलगी १९ वर्षांची आहे, तिला बौद्धिक दिव्यांगता आहे. आमच्यामागे तिची सोय व्हावी म्हणून ट्रस्ट करायचा आहे. धर्मादायकडे जावे लागेल का?
— एक आई, नागपूर

नाही. लाभार्थी एक ठरावीक व्यक्ती असल्याने हा खासगी ट्रस्ट. त्याला भारतीय न्यास अधिनियम १८८२ लागू होतो आणि धर्मादाय कार्यालयाचा संबंध येत नाही. ८०जी वगैरेचाही नाही.

घर किंवा जमीन ट्रस्टमध्ये टाकायची असेल तर न्यासपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले हवे, किंवा मृत्युपत्रातून ट्रस्ट निर्माण करावा. पैसे, ठेवी यांसाठी नोंदणी सक्तीची नाही, तरी नोंदवाच. उद्या नातेवाइकांत वाद झाला तर नोंदणीकृत दस्ताचे वजन वेगळे. स्थावर मिळकतीवर मुद्रांक शुल्काचा आकडा मोठा असू शकतो, तो मसुदा करण्याआधी काढून घ्या. अनेक कुटुंबे म्हणून आज लहान रकमेचा ट्रस्ट करतात आणि घर मृत्युपत्राने त्यात येईल असे लिहून ठेवतात. तुम्हालाही तेच सुचवतो.

ट्रस्ट अपरिवर्तनीय हवा. कधीही मोडता येईल असा ठेवला तर उत्पन्नावर कर तुम्हालाच भरावा लागतो. लाभार्थी फक्त मुलगी, तिचा हिस्सा पूर्ण, असे स्पष्ट लिहिले तर उत्पन्नावर तिच्या दराने कर बसतो. ‘विश्वस्तांना योग्य वाटेल तेव्हा, वाटेल त्याला’ अशी मोकळी भाषा केली तर सर्वसाधारणपणे सर्वोच्च दर लागतो. त्यासाठी हे एक वाक्य वकिलाकडून दोनदा तपासून घ्या.

विश्वस्त किमान तीन, त्यांत एक तरी तुमच्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान. प्रत्येकाच्या जागी पुढे कोण येईल हेही नावानिशी लिहा. मुलीनंतर शिल्लक कुणाकडे जाईल ते ठरवताना एक पथ्य पाळा : ज्या माणसाकडे ती रक्कम जाणार, तोच तिच्या औषधपाण्याच्या खर्चावर सही करणारा एकमेव विश्वस्त नसावा.

ट्रस्ट पैसे सांभाळतो, मुलीच्या वतीने सही करत नाही. ती १९ वर्षांची आहे, म्हणजे कायद्याच्या नजरेत आई-वडीलही आता आपोआप पालक नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करा. जिल्हाधिकारी या समितीवर असतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता या चार स्थितींसाठी ही सोय आहे. बँक, पेन्शन, शस्त्रक्रियेची संमती, सगळीकडे ते प्रमाणपत्र लागेल. ट्रस्टचे विश्वस्त आणि पालक वेगवेगळे ठेवलेत तर एकमेकांवर लक्ष राहते.

आणि न्यासपत्राला एक पत्र जोडा, कायदेशीर भाषेशिवाय. सकाळी कोणती गोळी कशासोबत घेते, दात दाखवायला कुणाकडे न रडता जाते, प्रेशर कुकरच्या शिट्टीला घाबरते की नाही, कोणत्या चादरीशिवाय झोपत नाही. दर दिवाळीला ते काढून बदल लिहा, खाली तारीख घाला आणि एकेक प्रत तिन्ही विश्वस्तांकडे द्या.